लाइन गेली म्हणजे नेमकं काय गेलं?

प्रश्न: माझी सून पुण्याची. परवा फोनवर तिला म्हटलं, दुपारपासून लाइन गेली आहे, तर म्हणते, "आई, लाइन गेलीय तर आपण बोलतोय कसं?" त्यांच्याकडे म्हणे लाइट जाते. आम्ही चूक बोलून राहिलो का? आणि एका लाइनचे इतके अर्थ काऊन? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर: काकू, चूक काहीच नाही, उलट तुमचंच जास्त बरोबर, मे महिन्यात कूलर बंद पडल्यावर लाइटचं कोणाला पडलंय, तारेतून येणारी वीजच थांबली म्हणजे लाइनच गेली ना. अन् दुरुस्तीला खांबावर चढतो तो पुण्यातही लाइनमनच असतो.

आता खरी गंमत. हा शब्द निघाला जवसातून! हो, आपण चटणी करतो तेच जवस. लॅटिनमध्ये त्याला लिनम म्हणायचे, त्याच्या देठाच्या धाग्याचं कापड ते लिनन, बी ते लिनसीड, आणि त्या धाग्याला, दोरीला शब्द होता लिनिआ. तीच ही लाइन. म्हणजे आपले गवंडी भिंत सरळ यावी म्हणून लाइनदोरी बांधतात ना, ते खरं तर दोरीदोरी म्हणून राहिले! ताणलेल्या दोरीवरून सरळ रेघ, रेघेवरून रांग, मग तार, रूळ, सगळं आलं. फौजेचे तंबू, बराकी रांगेत असायच्या म्हणून त्या वस्तीला लाइन्स म्हणायला लागले, आपली सिव्हिल लाइन्स आणि पोलीस लाइन टाकळी त्यातल्याच.

"पोरगा कोणत्या लाइनमध्ये आहे" हेही इंग्रजीतलंच, धंदा या अर्थाने. रांगेला मात्र इंग्रज क्यू म्हणतो, लाइन म्हणतो तो अमेरिकन. डेडलाइनही अमेरिकेचीच, 1864 मध्ये यादवी युद्धात अँडरसनव्हिलच्या तुरुंगात एक हद्द आखली होती, कैद्याने ती ओलांडली की गोळी. (आमचे संपादक अजून तेवढ्यावर आले नाहीत.) लाइन मारणे हे मात्र शुद्ध देशी हो, इंग्रजाला नाही कळायचं.

राहिली सूनबाई. मोबाइलला कुठं तार असते, पण "लाइन बिझी होती" असं तीही म्हणतेच की, विचारून पाहा.