'प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स' या चेक बँडवर खटला कशामुळे चालला?

1976 मध्ये प्रागमध्ये चाललेल्या या खटल्यातला आरोप राजद्रोहाचा नव्हता. तो सार्वजनिक शांततेच्या भंगाचा होता. सप्टेंबर 1968 च्या सुमारास उभ्या राहिलेल्या या सायकेडेलिक (भ्रमासारखा अनुभव देणाऱ्या रॉक शैलीच्या) बँडचा व्यावसायिक परवाना 1970 मध्ये काढून घेतला गेला आणि सरकारी वाद्येही गेली, तेव्हा जुन्या रेडिओंच्या सुट्या भागांतून अ‍ॅम्प्लिफायर जुळवून ही मंडळी खेड्यापाड्यांत, लग्नसमारंभांच्या आडोशाने वाजवत राहिली, आणि चेकोस्लोव्हाकियातल्या कम्युनिस्ट सत्तेला खुपली ती हीच परवानगीवाचूनची हिंमत. मात्र शिक्षा झालेल्या चौघांपैकी प्रत्यक्ष या बँडचा वादक एकटा सॅक्सोफोनवादक व्रातिस्लाव ब्राबेनेत्स होता. सर्वांत मोठी, 18 महिन्यांची शिक्षा बँडचे कलामार्गदर्शक इवान यिरोउस यांना झाली. हा खटला स्वतः पाहिलेले नाटककार वात्स्लाव हावेल पुढे 'चार्टर 77' या मानवी हक्कांची मागणी करणाऱ्या जाहीरनाम्याच्या प्रवर्तकांत होते.