पातळ लॅपटॉप घेतोयस? आधी रॅम बघ

दुकानात एका हाताने उचललास आणि प्रेमात पडलास ना? साहजिक आहे. सव्वा किलोचं वजन लोकलच्या गर्दीत पाठीला जाणवतही नाही. पण रंग नंतर निवड, रॅम (चालू कामांसाठीची मेमरी) आधी ठरव. या वर्गातल्या बहुतेक मशीनमध्ये ती मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, पुढे वाढवता येत नाही. १६ जीबी घेच. हवं तर बॅग स्वस्तातली घे. एसएसडी (फाइली साठवायची डिस्क) काहींत बदलता येते, मॅकबुक एअरमध्ये तीही नाही.

एअरला २०२० च्या एम१ चिपवाल्या मॉडेलपासून पंखाच नाही. टायपिंग, ब्राउझर, कोडिंग अगदी निवांत चालतं. मोठा व्हिडिओ एक्सपोर्टला लावलास की मात्र थोड्या वेळाने तापतो आणि स्वतःच वेग उतरवतो. एडिटिंग किंवा गेमिंग रोजचं असेल तर जाडजूड मशीनच बरं, दिसायला कसंही असो.

पोर्टही मोज. माझ्या जुन्या पातळ लॅपटॉपला (कंपनीचं नाव राहू दे) दोनच टाइप-सी होते. सेमिनारच्या दिवशी प्रोजेक्टरची एचडीएमआय वायर हातात धरून मी उभा, आणि ती टाइप-सीला जोडायचा डोंगल (छोटा अडॅप्टर) घरी चार्जरशेजारी! तेव्हापासून एक डोंगल कायम बॅगेच्या पुढच्या कप्प्यात असतो.