डीपीच्या बरणीतले गुलाबी खडे

प्रश्न : आमच्या शिवारातील डीपी (रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर) रब्बीत ऐन पाण्याच्या पाळीला जळते. तिच्या काचेच्या बरणीतले निळे खडे गुलाबी झाले आहेत. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

उत्तर : आहे, पण तेवढेच कारण नसावे. ११,००० व्होल्टचा दाब ४३३ व्होल्टवर आणणाऱ्या या रोहित्रातील तेल तारांच्या गुंडाळ्यांना थंड ठेवते आणि विद्युतरोधकाचेही काम करते. भार वाढला की ते तापून फुगते, भार उतरला की आकसते, आणि तेव्हा बाहेरची हवा त्या बरणीतून आत ओढली जाते. सिलिका जेलचे खडे हवेतील ओलावा शोषतात. ते गुलाबी झाले म्हणजे त्यांची क्षमता संपली आणि पुढचा ओलावा थेट तेलात उतरू लागला. तेल गाळून पुन्हा कोरडे करता येते. गुंडाळ्यांवरचा कागद मात्र एकदा ठिसूळ झाला की झालाच, आणि मर्यादेपलीकडच्या दर ६ अंश सेल्सिअसला त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. म्हणून सगळे पंप एकदम सुरू होऊन रोहित्र तापणे अधिक घातक. त्यात कोणी फ्यूजऐवजी जाड तार बांधलेली असेल (ती कोणी बांधली, हे गावात सर्वांना ठाऊक असते), तर तारेऐवजी गुंडाळीच जळते. खडे स्वतः बदलू नयेत. वायरमनला दाखवून तेलाची चाचणीही मागावी.