आधी ओल, मग ओटा : जुन्या घरातल्या स्वयंपाकघराविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे घर चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे), कौलारू आणि जुने. स्वयंपाकघर १० फूट बाय १२ फूट. आम्ही दोघे, सासू-सासरे आणि दोन लहान मुले. दोन लाखांच्या वर खर्च झेपणार नाही. मॉड्युलर किचनवाल्याने तेवढ्याच पैशांत ओटा आणि कपाटे सांगितली आहेत. करून टाकावे का?
– एक वाचिका, पेडणे

उत्तर : नको. निदान छप्पर आणि भिंती पाहिल्याशिवाय तरी नकोच. स्वस्तातली तयार कपाटे बहुतेक वेळा पार्टिकल बोर्डाची किंवा एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची असतात. कडेची पट्टी एका जागी जरी सुटली तरी ओल आत शिरते, फळी फुगते आणि बिजागरीचे स्क्रू धरेनासे होतात. आपल्याकडे गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असते, त्यात कपाटाची पाठ चिऱ्याच्या भिंतीला टेकलेली. सिंकखालचे कपाट सगळ्यात आधी जाते.

पैसे या क्रमाने घाला : छप्पर, भिंतीची ओल, सांडपाण्याचा पाइप, वायरिंग, मग ओटा, आणि उरतील त्यात दारे नि रंग. निम्मे पैसे पहिल्या चार कामांतच जातील असे धरून चाला. एवढा खर्च करून नवे काहीच दिसत नाही म्हणून घरात कुरकुर होईल, ती होऊ द्या. शिवाय वीस हजार हिशेबात न धरता बाजूला ठेवा, कारण जुना गिलावा खरवडल्यावर आत काय निघेल ते कोणताही गवंडी आधी सांगू शकत नाही.

छपराचे काम म्हणजे कौले परतून घेणे, फुटकी बदलणे, कुजलेल्या रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) काढणे आणि वाशांवर वाळवीच्या मातीच्या नळ्या आहेत का ते पाहणे. नवी कौले आणण्याआधी जुने एक कौल बरोबर न्या. वेगवेगळ्या कारखान्यांच्या मंगळुरी कौलांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत, आणि न बसलेल्या फटीतून वाऱ्याबरोबर पाणी आत येते. जुन्या कौलांच्या ढिगातून जुळणारी मिळाली तर तीच घ्या, स्वस्तही पडतात.

चवथीपर्यंत (गणेशचतुर्थीपर्यंत) स्वयंपाकघर तयार हवे असेल तर मे महिना ही शेवटची मुदत समजा. चवथ ऑगस्ट-सप्टेंबरात येते आणि त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत भिंतीचे कोणतेही काम वाळत नाही.


प्रश्न : स्वयंपाकघराच्या भिंतीला खालून तीन फुटांपर्यंत पोपडे धरतात, पांढरी पूड सुटते. दोनदा सिमेंटचा गिलावा केला, वर वॉटरप्रूफ रंगही दिला. दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. आता गवंडी म्हणतो, सरळ चार फुटांपर्यंत टाइल्स लावा.
– एक वाचक, डिचोली

उत्तर : टाइल्स लावल्या तर ओल जाणार नाही, चार फुटांच्या वर चढून दिसू लागेल. चिरा सच्छिद्र असतो, जमिनीतले पाणी वर ओढतो. जुन्या बांधकामात दरजा (दोन चिऱ्यांमधले सांधे) मातीच्या किंवा चुन्याच्या आणि गिलावा चुन्याचा, त्यामुळे ओढलेले पाणी भिंतीच्या तोंडावरून उडून जायचे. सिमेंट आणि प्लास्टिक रंगाने ही वाट बंद होते. पाणी आत कोंडते, क्षार घेऊन वर सरकते आणि गिलाव्याच्या पाठीमागे त्याचे स्फटिक होतात. तेच गिलावा ढकलून पाडतात. पांढरी पूड म्हणजे हे क्षार.

तुमची खूण जमिनीपासून वर सलग पट्ट्याची आहे, म्हणजे ओल खालून येते आहे. डाग छपराखाली असता तर गळती म्हटली असती, आणि फक्त पश्चिमेच्या भिंतीवर सगळ्या उंचीला असता तर झडीचा पाऊस. तरीही शंका राहिली तर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दोन दिवसांनी पाहा. आतल्या बाजूला घाम धरला तर पाणी भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूला धरला तर ती स्वयंपाकाची वाफ आहे, आणि मग भिंतीला हात लावण्याआधी वाफ बाहेर काढायची सोय करा.

कामाला बाहेरून लागा. वर्षानुवर्षे माती टाकून, फरशी घालून अंगण जोत्याच्या वर आलेले असते. ते खणून आतल्या जमिनीपेक्षा निदान सहा इंच खाली न्या. भिंतीलगत तीन फूट रुंद पट्टा करा, बाहेरच्या बाजूला दीड इंच उतार द्या. पागोळ्यांचे पाणी भिंतीशी पडत असेल तर पन्हळ लावा. पुष्कळ घरांत एवढ्यानेच अर्धी ओल उतरते.

आत डिसेंबर-जानेवारीत सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत काढा. दरजा पाऊण इंच उकरा. क्षार कोरड्या ब्रशने झाडून पूड घराबाहेर टाका. भिंत धुऊ नका, धुतले की क्षार विरघळून परत आत जातात. महिनाभर तरी उघडी ठेवा. मग चुना एक भाग, चाळलेली वाळू तीन भाग, असा गिलावा अर्ध्या इंचाहून जाड न होणाऱ्या दोन थरांत करा, दोन थरांमध्ये आठ-दहा दिवस जाऊ द्या आणि रोज पाण्याचा हलका फवारा मारा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, म्हणून हे काम मार्चपर्यंत हातावेगळे व्हायला हवे. खाडीची खारट वाळू असेल तर सगळी मेहनत फुकट, क्षार तुम्हीच भिंतीत भराल.

वर चुन्याचीच सफेदी द्या, पातळ तीन हात, प्रत्येक हाताआधी भिंत ओली करून. पिवळी माती, लाल ऑक्साइड किंवा अल्ट्रामरीन निळा चुन्यात टिकतो. साधे पोस्टरचे रंग टिकत नाहीत. कळीचा चुना घरी विझवणार असाल तर पाण्यात चुना थोडा थोडा घाला, चुन्यावर पाणी कधीच ओतू नका. तो उसळतो आणि डोळ्यांत गेला तर कायमची इजा होते. मुलांना त्या दिवशी त्या बाजूला फिरकू देऊ नका.

टाइल्स हव्याच असतील तर ओट्याच्या वर दोन फूट, बस्स.


प्रश्न : ओटा किती उंच असावा? कडप्पा घ्यावा की ग्रॅनाइट? आई बसून काम करते, तिचे काय?
– एक वाचिका, फोंडा

उत्तर : उंची दुकानदाराला विचारू नका. जिला किंवा ज्याला जास्त वेळ ओट्याशी काढायचा आहे त्याने चप्पल न घालता सरळ उभे राहून कोपर काटकोनात वाकवावे. जमिनीपासून कोपरापर्यंतचे माप घ्या आणि त्यातून चार-पाच इंच वजा करा. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईला हे साधारण ३३ ते ३४ इंच येते. भिंतीपासून पुढच्या कडेपर्यंत ओटा २४ इंच पुरतो.

वरचा दगड ग्रॅनाइटच घ्या. कडप्पा आणि कोटा हे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत. आपल्या स्वयंपाकात सोलं (आमसुलं), चिंच, लिंबू, माडाचा व्हिनेगर रोजचा, आणि आंबट पडले की या दगडांवर पांढुरके चट्टे उठतात. ते पुसून जात नाहीत, कारण दगडच खाल्ला गेलेला असतो. खालच्या सांगाड्याला मात्र कडप्पा उत्तम. ओल लागली तरी फुगत नाही आणि वाळवीला त्यात खाण्यासारखे काही नाही.

दहा फुटी ओट्याचा हिशेब असा : दोन फूट बाय अडीच फुटाच्या पाच उभ्या कडप्पा फरश्या, अडीच-अडीच फुटांवर, म्हणजे २५ चौरस फूट. मधला खण २१ इंच खोल, साडेसतरा चौरस फूट. ग्रॅनाइटखालचा थर २० चौरस फूट. एकूण ६२-६३, तुटफूट धरून ७० मागवा. ग्रॅनाइट २५ इंच रुंदीने सुमारे २१ चौरस फूट. दगड कापणाऱ्याला दोन गोष्टी बजावून सांगा. पुढची कड गोल हवी, कारण लहान मुलाचे कपाळ नेमके तिथे येते. आणि पुढे आलेल्या भागाच्या खालून पाव इंचाची खाच हवी, म्हणजे सांडलेले पाणी तिथेच ठिबकते, मागे ओघळून खणात जात नाही. ही खाच नंतर मारता येत नाही, म्हणून दगड चढवण्याआधी स्वतः बोट फिरवून पाहा.

पुढे ॲल्युमिनियमच्या चौकटीची दारे लावा, किंवा सध्या जाड सुती पडदा. पडद्याने हवा खेळते, पावसाळ्याच्या बेगमीला, विशेषतः सुक्या मासळीच्या डब्यांना, ते चांगले. लाकडी दारेच हवीत तर आयएस ७१० ची खूण असलेला प्लायवूड घ्या आणि कापलेली प्रत्येक कड रंगाने बंद करा.

आईसाठी ओट्याच्या एका टोकाला अडीच फूट भाग २८ इंच उंचीचा ठेवा, खाली खण न करता मोकळा. खुर्ची आत सरकते, भाजी चिरता येते. मुलेही तिथे जेवतात, अभ्यास करतात. नारळ खवायला ती विळीवर जमिनीवरच बसणार असेल तर चार फूट बाय तीन फूट कोरडी जागा येण्याजाण्याच्या वाटेबाहेर सोडा. जागा वाचवण्याच्या नादात हीच पहिली जाते, आणि मग विळी दारात येते.


प्रश्न : सिंक सारखे तुंबते.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : बहुधा आडव्या पाइपाला उतार नाही. दोन इंची पाइप, फुटाला पाव इंच उतार, काटकोनी जोडाऐवजी ४५ अंशांचे दोन जोड, आणि बाहेर उघडता येईल असे झाकण. नारळाचा चोथा आणि तेल एकत्र आले की आत घट्ट थर बसतो, म्हणून सिंकच्या तोंडाला जाळी हवीच. मासळी परसातल्या दगडावरच साफ करा.


प्रश्न : मासे तळले की धूर घरभर. चिमणी लावावी का? खोली अंधारीही आहे.
– एक वाचिका, वाळपई

उत्तर : कौलांना छत लावलेले नसेल तर आधी एक्झॉस्ट पंखा लावून पाहा. खोली १० फूट बाय १२ फूट आणि सरासरी उंची १० फूट धरली तर आतली हवा सुमारे ३४ घनमीटर. तासाला निदान १५ वेळा बदलायची तर पंख्याने तासाला ५०० घनमीटर हवा ओढायला हवी. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो, पात्यांचा इंची आकार पाहून घेऊ नका. पंखा शेगडीच्या बाजूच्या भिंतीत उंचावर हवा आणि समोरची खिडकी किंवा दार उघडे हवे, नाहीतर ओढायला हवाच मिळत नाही. चिमणी घेतलीच तर तिचा पाइप भिंतीतून काढा. कौले कापून काढलेला पाइप जूनमध्ये गळतो.

उजेडासाठी दोन-तीन काचेची कौले पुरेत. उत्तरेच्या उतारावर घाला, पश्चिमेला घातलीत तर दुपारी शेगडीपाशी उभे राहवणार नाही.

वायरिंग करताना ओल्या चिऱ्यात खोबणी खणू नका, वरून पीव्हीसीची पट्टी न्या. मिक्सर, इंडक्शन, ओव्हनसाठी १६ अँपिअरचे सॉकेट, स्वतंत्र लाइन, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि तपासलेले अर्थिंग. ओले हात आणि लहान मुले असलेल्या घरात आरसीसीबीवर काटकसर करू नये.


प्रश्न : सिलिंडर ओट्याखाली बंद कपाटात ठेवला तर चालेल?
– एक वाचक, सांगे

उत्तर : बंद कपाटात नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. खणाला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी. सिलिंडर उभाच ठेवा, शेगडी त्याच्या वरच्या पातळीवर, नळी दीड मीटरपेक्षा लांब नको आणि पाच वर्षांनी बदला.


प्रश्न : पैसे संपत आले, पण स्वयंपाकघर छान दिसावे असे वाटते. जमीन लाल कोब्याची (लाल रंग घातलेल्या सिमेंटची) करावी का?
– एक वाचिका, काणकोण

उत्तर : जरूर करा, आपल्या घरांना ती शोभते आणि पायाला थंड लागते. पण जाणता कारागीर मिळाला तरच. रंग सिमेंटच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, म्हणजे ५० किलोच्या पोत्याला जास्तीत जास्त ५ किलो. सगळ्या खोलीचे मिश्रण कोरडेच एकदम कालवून चाळून ठेवावे, नाहीतर ठिगळे दिसतात. चार फुटांहून मोठा चौकोन करू नका, तडा जातो. आठ-दहा दिवस ओली ठेवा. आंबटाचे डाग यावरही पडतात, सांडले की लगेच पुसायचे.

जुने फणसाचे किंवा सागाचे कपाट माळ्यावर असेल तर खाली आणा, पाय दगडाच्या चकत्यांवर ठेवा, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही लांब राहतात. पणजीत दिसतात तशा निळ्या रंगवलेल्या अझुलेजो टाइल्स आवडत असतील तर सबंध भिंत करायला जाऊ नका. चार किंवा सहा घ्या, शेगडीमागे साध्या पांढऱ्या टाइल्सच्या मधोमध बसवा. त्या हाताने केलेल्या असल्या तर जाडी थोडी कमी-जास्त असते, तेव्हा आधी त्या लावायला सांगा आणि पांढऱ्या त्यांच्या पातळीला जुळवा.