नागपूरच्या शाळेत नववी-दहावीच्या मुलांना शेती कशी शिकवावी?

तुम्ही लिहिलंय की शाळा शहरात आहे, जागा म्हणजे पाण्याच्या टाकीमागची पट्टी, वर्गात निम्मी मुलं फ्लॅटमधली, निम्मी आजूबाजूच्या गावांतून येणारी, आणि कंटाळा मात्र दोघांनाही सारखाच. मी काटोल रोडकडच्या एका शाळेत एकोणीस वर्षं हा तास घेतलाय. पहिली दोन वर्षं वाया घालवली, म्हणून तिथूनच सांगतो.

चूक होती कॅलेंडरची. विदर्भातल्या शाळा उन्हापायी जूनच्या शेवटी उघडतात. मी हौसेनं सोयाबीन पेरलं, ते काढणीला आलं नेमकं दिवाळीच्या सुट्टीत. शेंगा तडकल्या, उरलंसुरलं गाईंनी खाल्लं. पुढच्या खेपेला मार्चमध्ये भेंडी लावली. मे महिन्यात नागपुरात भेंडीला पाणी घालायला कोण येणार? मग सुट्ट्यांवर बोट ठेवून पिकं निवडली. पावसाळ्यात मेथी, पालक, थोडी चवळी. दिवाळीची सुट्टी संपली की लगेच हरभरा. तो ११० दिवसांच्या आसपास येतो, म्हणजे परीक्षेआधी घाटे (हरभऱ्याच्या शेंगा) हातात. महिनाभरानं शेंडे खुडले की फांद्या फुटतात आणि खुडलेल्याची भाजी घरी जाते. आमच्याकडे मुलींपेक्षा मुलंच पिशव्या घेऊन पुढे असायची.

चवळी आणि हरभरा घ्यायला सांगतो त्याला आणखी एक कारण आहे. महिना-सव्वा महिन्याचं एक रोप मुळासकट हलकेच उपटा, मुळं पाण्यात धुवा. गाठी दिसतील. एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी असेल तर जिवाणू हवेतला नत्र पकडताहेत. पांढरी किंवा हिरवट असेल तर काम बंद. फळ्यावर तीन तास घालवून जे डोक्यात शिरत नाही ते या नखाएवढ्या गाठीत दिसतं. पेरताना निम्म्या ओळींच्या बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवून रायझोबियम, म्हणजे याच जिवाणूंचं खत, चोळा (१० किलोला २५० ग्रॅम, तुम्हाला चिमूटभर लागेल), निम्म्या तशाच ठेवा. फरक पडला तर का, नाही पडला तरी का, हे मुलांनीच भांडून ठरवावं.

गावाकडच्या मुलांना शेतीची लाज वाटते, असं मला तरी दिसलं. त्यांना तुमच्यापेक्षा जास्त येतं आणि ते कुणी विचारत नाही. मी एकदा जूनअखेर सगळ्यांना घरचं सोयाबीन मूठभर आणायला सांगितलं. पाऊस लांबला होता, पेरण्या व्हायच्या होत्या. मोजून शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत ठेवले, गुंडाळी करून सावलीत ठेवली, रोज पाणी शिंपडलं. सहाव्या दिवशी एका मुलाचे ५८ उगवलेले निघाले. शिफारस एकरी ३० किलो बियाण्याची, तीही उगवण निदान ७० टक्के धरून. मग ३० गुणिले ७० भागिले ५८. गणितात नेहमी मार खाणाऱ्या त्या पोरानं वहीत ३६ किलो काढले.

दुसऱ्या दिवशी बाप शाळेत हजर. "काहून जी मास्तर, पोट्टं म्हणते एकरी सहा किलो जास्त टाका. खरं हाय का?" मी गुंडाळी उलगडून दिली. त्यानं न उगवलेले दाणे स्वतः मोजले. बेचाळीस. एक बोटानं दाबून पाहिला, आत सडका. मग म्हणाला, "हे गोणपाट घरी नेऊ काय?"

शहरातल्या मुलांसाठी मातीची बाटली. प्रत्येकानं कुठूनतरी मूठभर माती आणायची, पाण्यात घालून हलवायची, टेबलावर ठेवायची. वाळू मिनिटभरात बसते, काळ्या मातीची बारीक चिकण दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. मग प्रयोगशाळेतलं पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल तुम्ही स्वतः दोन थेंब कोरड्या मातीवर टाका. फसफसली तर चुनखडी. अशा मातीत संत्र्याला लोह मिळेनासं होतं, पानं पिवळी पडतात. आणि भारी जमिनीत पाणी साचलं की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, लागतो. नागपूरचं पोर संत्री सोलत मोठं होतं, पण झाडाला मुद्दाम पाणी तोडून ताण देतात तेव्हा बहार येतो, हे निम्म्यांना माहीत नसतं. हिवाळ्याअखेर फुलणारा आंबिया बहार नि पावसाच्या सुरुवातीला फुलणारा मृग बहार, यांतला फरक इथेच सांगून टाका.

सहलीला महाराजबागेजवळचं कृषी महाविद्यालय आहे, १९०६ पासूनचं. अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आहे. आधी पत्र द्या. पण मला विचाराल तर सकाळी कळमन्याच्या बाजार समितीत न्या, संत्र्याचा लिलाव दाखवा. भाव टनाचा का, डागी माल वेगळा का काढला, हे प्रश्न मुलं आपणहून विचारतात.

दोन गोष्टी करू नका. गवत काढणं ही शिक्षा म्हणून देऊ नका. आमच्याकडे एक शिक्षक देत, आणि माझा तास वर्षभर शिक्षेसारखा झाला होता. दुसरं, फवारणीचा पंप मुलांच्या हातात कधीच नाही. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. त्याऐवजी कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्याच्या लेबलचा फोटो दाखवून रंग वाचायला शिकवा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पाचवीचं पोरही घरी जाऊन बापाला हे सांगू शकतं.

हरभरा घ्याल तर एक लक्षात ठेवा, मुलं रोज बादली घेऊन धावतील. अडवा त्यांना. काळ्या मातीत पेरणीचं पाणी, मग घाटे भरताना एखादं, बस्स. माझा पहिला हरभरा प्रेमानंच सडला.