जो रॅन्फ्टला ॲनिमेशनवाले इतकं का मानतात? त्याने तर एकही चित्रपट एकट्याने दिग्दर्शित केला नाही

प्रश्नाखाली तुम्ही आणखी एक वाक्य टाकलंय: ‘दुसऱ्यांच्या कथांना चित्रं काढून देणारा माणूस एवढा मोठा कसा?’ आणि वर, स्टोरी आर्टिस्ट व्हायला कुठलं सॉफ्टवेअर शिकावं, असंही विचारलंय. सॉफ्टवेअरचं शेवटी बघू. ते वाक्य वाचलं आणि ताटावरून उठून लिहायला बसलो.

‘काढून देणारा’ हा शब्द आधी खोडा. ‘टॉय स्टोरी’तले हिरवे प्लास्टिकचे सैनिक आठवतात? ते जिन्याखाली टेहळणीला निघतात, एक जण बाईच्या पायाखाली सापडतो आणि त्यांचा सार्जंट त्याला टाकून पुढे जात नाही. तो प्रसंग रॅन्फ्टने, म्हणजे पिक्सार या अमेरिकन ॲनिमेशन स्टुडिओच्या स्टोरी आर्टिस्टने, बोर्डवर (प्रसंगाची चित्रं ओळीने लावलेल्या फळ्यावर) बसवला. डीव्हीडीत तो बोर्डसमोर उभा राहून हा प्रसंग सांगताना दिसतो. एकेका चित्रावर बोट, तोंडाने आवाज, अंगात तो सैनिक. अजून एकही फ्रेम कॉम्प्युटरवर बनलेली नसताना अख्खा प्रसंग खोलीत घडतो. याला पिच म्हणतात, आणि हेच स्टोरी आर्टिस्टचं काम.

‘अ बग्ज लाइफ’मधला तो जाडा सुरवंट हाइमलिख, त्याचा आवाजही रॅन्फ्टचाच. कच्च्या रीळसाठी, म्हणजे बोर्डवरची चित्रं जोडून केलेल्या आराखड्यासाठी, तात्पुरता दिलेला आवाज इतका चपखल बसला की पुढे तोच ठेवला. लहानपणापासून जादूचे प्रयोग करायचा, पुढे उत्स्फूर्त अभिनयही शिकला. समोरच्याची नजर कुठे असेल आणि ती कधी हलवायची, हे जादूगाराला कळतं. १९६० चा जन्म, कॅलआर्ट्स या कॅलिफोर्नियातल्या कलासंस्थेत शिक्षण, मग डिस्ने, मग पिक्सार. ‘टॉय स्टोरी’च्या पटकथेसाठी ऑस्करचं जे नामांकन होतं त्यात त्याचं नाव आहे. १६ ऑगस्ट २००५ ला कॅलिफोर्नियात समुद्राकाठच्या रस्त्यावर गाडी घसरून नदीत पडली आणि तो गेला. गाडी तो चालवत नव्हता. वय ४५. ‘कार्स’चा तो सहदिग्दर्शक होता, चित्रपट आला २००६ मध्ये, त्याला अर्पण होऊन.

आता माझं.

त्या ऑगस्टमध्ये मी मुंबईत एका स्टुडिओत स्टोरीबोर्डवर होतो. २६ जुलैच्या पुराला जेमतेम तीन आठवडे झाले होते, भिंतींना अजून ओल होती. टीव्हीसाठी एका हत्तीच्या पिल्लाची मालिका चालली होती. सर्कशीतून पळालेलं पिल्लू जंगलात पोचतं आणि शेवटी मित्र माकडाला सोडवायला सर्कशीत परत जातं. शेवटचा प्रसंग माझ्याकडे होता. मी तो पिच केला तो आमच्याकडच्या पद्धतीने, म्हणजे आवाज काढून, सोंग घेऊन. मी कुडाळ तालुक्यातला. जत्रेत रात्रभर जागून दशावतार बघत वाढलो, जिथे नटाच्या हातात लिहिलेला संवाद नसतो. रंगात येऊन तो रंगमंचावरच बोलतो आणि समोरची माणसं कुठे चुळबुळतात ते बघून कथा ताणतो किंवा आवरतो. माझं पिच अर्ध्यावर आलं असताना आमचे सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाले, “इथे दशावतार नकोय. चित्रं स्वच्छ काढ, नंबर टाक आणि फाइल पाठव.” खोलीत बारा-तेरा जण होते. मी खाली बसलो. त्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या मुलाने रॅन्फ्ट गेल्याची बातमी स्क्रीनवर दाखवली. ज्याला कधी भेटलो नाही अशा माणसासाठी मी संडासात जाऊन रडलो, हे आज पहिल्यांदा लिहितोय.

सप्टेंबरात गणपतीला गावी गेलो. पॅनेलच्या, म्हणजे बोर्डवरच्या एकेका चित्राच्या, झेरॉक्सचा गठ्ठा पिशवीत होता. दुसऱ्या रात्री आरती झाली, भजनी मंडळ शेजारच्या वाडीत अडकलेलं, उसळ-पाव झाकून ठेवलेला, बाहेर पाऊस आणि लाईट गेलेली. पोरं कंटाळली होती. पडवीत गॅसबत्ती होती. मी पाट उभा करून त्याला एकेक कागद टेकवायला लागलो आणि सांगायला लागलो. चांगली रंगली गोष्ट. पिल्लू जंगलात पोचलं तेव्हा टाळ्या पडल्या. मग ते परत सर्कशीकडे वळलं आणि माझ्या चुलतभावाची सहा वर्षांची मुलगी मध्येच म्हणाली, “पण तो परत कित्याक गेलो?”

मी म्हटलं, माकडाला सोडवायला.

“खंयचा माकड?”

मी गठ्ठा उलटा चाळला. माकड त्याचा मित्र आहे हे मी एका पॅनेलात दाखवलं होतं. एका, तेही कोपऱ्यात. आम्ही सगळे पटकथा वाचून बसलो होतो, म्हणून आम्हाला माकड आठवत होतं. स्टुडिओत बारा-तेरा जणांना जे दिसलं नाही ते पडवीत एका प्रश्नात उघडं पडलं, आणि ते पडलं कारण मी सांगत होतो. फाइल पाठवली असती तर ती मुलगी मध्ये बोललीच नसती. त्या रात्री भजनी मंडळी येऊन गेल्यावर मी चाळीसेक पॅनेल बाद केली आणि पिल्लू-माकड एकाच केळ्यासाठी भांडतात असा छोटा प्रसंग सुरुवातीला घातला. परत गेल्यावर सुपरवायझरनी तो ठेवला. का बदललं ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मालिका पुढे बंद पडली, तो भाग कुणी पाहिला नाही. पण सर, तुम्ही कुठे हे वाचत असाल तर सांगतो: तुम्ही त्या दिवशी चुकला होता. सोंग काढणं हेच काम होतं.

आणि दशावतार दूरच राहू द्या, कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. सुट्या कागदांवरची चित्रं, पाठीला पाठ लावून चिकटवलेली, एका आख्यानाच्या अशा गठ्ठ्याला पोथी म्हणतात. रामायण-महाभारतातला प्रसंग वीणा, टाळ, हुडुक्याच्या साथीने सांगत सांगत चित्र बदलायचं. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात त्याचं संग्रहालय केलं. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. मी हे लहानपणी पाहिलं आणि ‘जुनं’ म्हणून सोडून दिलं. रॅन्फ्टला बोर्डसमोर उभा पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं ते पिंगुळीच. त्याने पिंगुळीचं नावही ऐकलं नसेल. पण चित्र हातात धरून माणसांसमोर उभं राहायचं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत कथा हलवायची, हे काम एकच.

आता तुमच्या प्रश्नाचं उरलेलं. नाव पडद्यावर एकट्याचं असेल तरच माणूस मोठा, ही मोजपट्टी ॲनिमेशनला लागत नाही. इथे एका चित्रपटासाठी हजारो चित्रं निघतात आणि बहुतेक कचऱ्यात जातात. जो माणूस आपलं आवडतं चित्र स्वतःच्या हाताने बोर्डवरून उतरवतो आणि दुसऱ्याच्या अडलेल्या प्रसंगाला वाट काढून देतो, त्याच्या जाण्याने अख्खा स्टुडिओ पोरका होतो.

सॉफ्टवेअर: स्टोरीबोर्ड प्रो बहुतेक ठिकाणी चालतं, पैसे नसतील तर ब्लेंडरमधलं ग्रीस पेन्सिल फुकट आहे. दोन महिन्यांत हात बसतो. त्यावर लाखभर फी मागणाऱ्या क्लासच्या वाटेला जाऊ नका.

एक सांगायचं राहिलं. चित्रकला कच्ची चालेल असं मी म्हणत नाही. अंगाची ठेवण, पर्स्पेक्टिव्ह, कॅमेरा कुठे ठेवायचा हे यायलाच हवं, नाहीतर सोंग कितीही चांगलं असो, बोर्ड वाचता येत नाही. आणि मुदत पाळायची, त्या बाबतीत सुपरवायझरांचं बरोबर होतं. ती मुलगी आता पुण्यात नोकरी करते. नव्या बोर्डचं पहिलं पिच मी अजूनही फोनवर तिलाच करतो. मागच्या महिन्यात तिने सतराव्या पॅनेलला थांबवलं.