भोपळ्याची कोवळी फळं पिवळी पडून गळतात, ही कीड आहे का?

गळलेलं फळ चिरून बघा. आत पांढऱ्या अळ्या आणि सालीवर टाचणीने टोचल्यासारखं भोक, त्यावर सुकलेला डिंक दिसला, तर ती फळमाशीच. अळ्या नाहीत, फळ नुसतंच सुकलंय? मग बहुतेक परागीभवन झालेलं नाही. सकाळी नर फुलाचे पराग मादी फुलाला हाताने लावा, औषध मारू नका.

माशी सालीखाली अंडी घालते, त्यामुळे नंतरची फवारणी अळीपर्यंत पोचतच नाही. फळ धरताच त्याला कागदाची किंवा मलमलची पिशवी बांधा. घरच्या दोन-चार वेलांना माझ्या मते याहून भरवशाचा उपाय नाही. क्यू-ल्यूरचा (माशीला वासाने ओढणाऱ्या रसायनाचा) सापळा फक्त नर माश्या पकडतो, जोडीला ठीक. किडकी फळं मात्र वेलाखाली किंवा कंपोस्टमध्ये टाकू नका, अळ्या मातीत उतरून कोष करतात. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कडक उन्हात ठेवा.